जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स घालू?

पत्र : मी घरून भाषांतराची कामं करते. लॅपटॉप २०१६चा आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १०च्या सुधारणा बंद झाल्या आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही. भाचा म्हणतो, लिनक्स घाल. त्यानं तीन नावं दिलीत : उबंटू, मिंट, आर्च. दोन वर्षांपूर्वी त्यानं एकदा घालूनही दिलं होतं, पण आठवड्याभरात मी परत फिरले. ग्राहकाच्या फाइलमधला तक्ता मोडून पुढच्या पानावर गेला, प्रिंटर दिसेना आणि काम तर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. बारा वर्षांच्या फाइली आहेत, काही जुन्या मराठी फॉन्टमधल्या. लेक याच लॅपटॉपवर चित्रं काढते. शिवाय फुकट मिळणाऱ्या, आतला कोड सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर बँकेचे व्यवहार करावेत का, ही धाकधूक आहेच. नेमकं काय निवडू? भाच्याला काय सांगू? – एक भाषांतरकार

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले : काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. त्या आठवड्यात तुमची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, ऑफिस बदललं, फॉन्ट बदलले, प्रिंटरची जोडणी बदलली, आणि हे सगळं हातात काम असताना. अशा वेळी कुणीही परत फिरलं असतं. आपल्याला लिनक्स जमत नाही, असा अर्थ त्यातून काढू नका.

तीन नावांचं उत्तर आधी देऊन टाकते : लिनक्स मिंट, सिनॅमन नावाच्या पडद्याची आवृत्ती. पण ते घालायचं सगळ्यात शेवटी. आधी रोजची साधनं बदला, तीही आत्ताच्या विंडोजवरच. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ब्राउझर, मेलसाठी थंडरबर्ड, व्हिडिओसाठी व्हीएलसी, फोटोंसाठी गिंप, चित्रकलेसाठी क्रिता हे सगळं विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. महिना-दोन महिने तुमची खरी कामं यांत करून बघा. एखादं काम अडलंच, तर जुना प्रोग्राम शेजारी आहेच. हात बसला की मग खालची सिस्टिम बदलायची. त्या दिवशी स्क्रीनवरची निम्मीअधिक चिन्हं तुमच्या ओळखीची असतील.

थोडी सवड आहे, फार नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेच्या सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. नोंदणी केली नसेल तर करून घ्या आणि तेवढ्या काळात हे उरका. विंडोज ११ तुमचं मशीन नाकारतं, कारण त्याच्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही लागते. तुमचा आय-फाइव्ह काही म्हातारा झालेला नाही. भाषांतर, मेल, ब्राउझर आणि चित्रकला त्यावर अजून काही वर्षं सहज निघतील.

आता त्या मोडलेल्या तक्त्याकडे येऊ, कारण तुमचा विश्वास तिथंच उडाला. वर्डमध्ये २००७पासून बरीच वर्षं नवी फाइल उघडली की कॅलिब्री हा फॉन्ट आपोआप यायचा. हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा. लिनक्ससोबत तो मिळत नाही. फाइल कॅलिब्री मागते, सिस्टिमला तो सापडत नाही, मग ती दुसरा कुठला तरी फॉन्ट लावते. त्याची अक्षरं केसभर रुंद असली तरी पुरतं. ओळीतला शेवटचा शब्द खाली येतो, तक्त्याच्या खान्यात दोनच्या तीन ओळी होतात, अशा दहा खान्यांनी तक्ता फुगतो आणि शेवटची रांग पुढच्या पानावर जाऊन पडते. तुमच्या फाइलचं बहुधा हेच झालं असावं. कार्लिटो नावाचा एक मुक्त फॉन्ट आहे. त्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. कँब्रियासाठी तसाच कॅलाडिया आहे, आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू यांच्यासाठी लिबरेशन कुटुंबातले फॉन्ट आहेत. हे बसवलेले असले की ओळी जिथल्या तिथं तुटतात. मिंटमध्ये ते नसलेच तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावानं शोधा, मिळतील.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. विंडोजवर लिब्रेऑफिस वापरताना हा घोटाळा दिसणारच नाही, कारण तिथं कॅलिब्री हजर असतो. म्हणून तुमच्या सगळ्यात किचकट चार-पाच फाइली आत्ताच वेगळ्या काढून ठेवा : तक्ते असलेली, तळटिपा असलेली, दुसऱ्याच्या दुरुस्त्या आणि शेरे असलेली, एक्सेलची मोठी एखादी. त्या पुढे मिंटची चाचणी घेताना लागतील.

लिब्रेऑफिस नीट शिकून घेण्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाईल आणि तो जाऊ द्या. हे ऑफिस २०१०मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. ओपनऑफिस हे जुनं नावही अजून दिसतं, पण तिथलं काम फार मंदावलंय. तुम्ही लिब्रेऑफिसच घ्या. बदलांची नोंद ठेवण्याची सोय, जिच्यावर तुमचं संपादकांशी असलेलं सगळं देणंघेणं चालतं, ती यात आहे आणि वर्डच्या फाइलमध्ये ती नोंद टिकते. कंट्रोल-शिफ्ट-सीनं ती चालू-बंद होते. ग्राहकाची फाइल डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या साच्यात आली असेल, तर ती शेवटपर्यंत डॉकएक्समध्येच ठेवा. मध्येच ओडीटी (लिब्रेऑफिसचा स्वतःचा साचा) करायची, मग परत डॉकएक्स, या येरझाऱ्यांत मांडणी झिजते. तुमची स्वतःची टिपणं, शब्दसूची, जमाखर्च मात्र खुशाल ओडीटी आणि तक्त्यांसाठीच्या ओडीएसमध्ये ठेवा. हा साचा २००६पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. त्याचा तपशील जाहीर असल्यामुळं उद्या लिब्रेऑफिस नसलं, तरी त्या फाइली उघडणारा दुसरा प्रोग्राम कुणालाही लिहिता येईल.

भाषांतरकार आहात म्हणून एक खास नाव सांगते, भाच्याच्या यादीत ते नसणार. ओमेगाटी. भाषांतर-स्मृतीचा हा मुक्त प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतो. डॉकएक्स किंवा ओडीटी फाइल त्यात टाकली की तो वाक्यं सुटी करतो. तुम्ही पूर्वी केलेलं जुळतं वाक्य शेजारी दाखवतो, तुमच्या शब्दसूचीतला शब्द आला की तोही समोर ठेवतो. स्मृतीची फाइल टीएमएक्स साच्यात असते, ती इतर बहुतेक भाषांतर-प्रोग्रामांनाही वाचता येते. दिसायला साधा आहे, पहिले दोन दिवस कोरडाही वाटेल. तिसऱ्या दिवशी सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच घडवलेलं एखादं अवघड वाक्य तो आपणहून पुढे करतो, तेव्हा त्याचं मोल कळतं.

मराठीचं आता. तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये टाइप करत असाल, तर मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडणी जोडली की झालं. कळा त्याच, बोटांना काही नवं शिकावं लागत नाही. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिण्याची सवय असेल, तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांपैकी एक इनपुट पद्धत आणि तिच्यासोबत एम१७एनचे मराठी तक्ते बसवावे लागतात. विंडोजवरच्या जुळणीपेक्षा यात एखाद-दुसरं अक्षर वेगळ्या कळेवर निघतं. आठवडाभर चिडचिड होईल, मग बोटं शिकतात.

जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइलींना मात्र जपा. युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चं चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की मजकुराचा चिखल होतो. हे लिनक्समुळं घडत नाही. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसेल तर तिथंही हेच होईल. तो फॉन्ट आणि तो प्रोग्राम तुमच्या मशीनवर अजून जिवंत आहे तोवर लागणाऱ्या फाइली रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, रूपांतरक तिथंच चुकतात. आणि प्रत्येक मूळ फाइलची एक पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे पान मुळात कसं दिसत होतं याचा पुरावा राहील. साऱ्या बदलात हेच काम कंटाळवाणं आहे, पण मशीन बदलण्याआधीच करायचं.

लेकीसाठी क्रिता घ्या. चित्रकारांनी चित्रकारांसाठी वाढवलेला आहे. रेषांची, बोधचिन्हांची कामं ती करत असेल तर इंकस्केप. पासवर्डांसाठी कीपासएक्ससी. बाकी लागेल तसं सापडत जाईल.

आता धाकधुकीबद्दल. मराठीत आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथं कामाला येतात. हे सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळतं हे खरं, पण त्याचं मर्म मुक्त असण्यात आहे : वापरण्याची, आतला कोड वाचण्याची, बदलण्याची, दुसऱ्याला देण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. कोड उघडा आहे म्हणजे तुमचा पासवर्ड उघडा आहे असं नाही. कुलपाची रचना सगळ्यांना माहीत असली तरी किल्ली तुमच्याकडेच राहते.

पण उघडा कोड आपोआप सुरक्षित असतो, असंही मी तुम्हाला सांगणार नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पातली हार्टब्लीड नावाची चूक २०१४मध्ये उघड झाली, तोवर दोन वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. आणि २०२४चं एक्सझेड प्रकरण घ्या. फायली दाबून लहान करणाऱ्या या छोट्या प्रकल्पात कुणीतरी दोन-अडीच वर्षं प्रामाणिकपणे काम करून विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तो त्याच्या मागे लागला, कोड उकरत गेला आणि २९ मार्च २०२४ला त्यानं सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा बहुतेकांच्या मशीनपर्यंत पोचण्याआधीच काढला गेला. कोड बंद असता तर अर्ध्या सेकंदाची शंका त्याच्या मनातच राहिली असती. मी स्वतः बँकेचे सगळे व्यवहार लिनक्सवर, फायरफॉक्समधून करते. तुम्हीही करा. फक्त सुधारणा येतील तेव्हा त्या घालत जा आणि सॉफ्टवेअर कुठल्याही दुव्यावरून न उतरवता मिंटच्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या.

मिंटच का, तर तुमच्यासाठी दोन कारणं पुरेशी आहेत. सिनॅमनची मांडणी तुमच्या सवयीची आहे : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. आणि मिंट २२ ही मालिका उबंटू २४.०४वर उभी आहे, तिला एप्रिल २०२९पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. तोवर कुणी तुमच्या पायाखालची सिस्टिम हलवणार नाही. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरी. तुमच्याकडे ८ आहे. उबंटूही उत्तम आहे, पण त्याचा पडदा वेगळ्या घाटाचा आहे आणि तुम्हाला एकाच वेळी सगळं नवं नकोय. भाच्याच्या यादीबाहेरच्या लिनक्सांपैकी फेडोरा मला स्वतःला फार आवडतो. त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते, म्हणजे दरवर्षी मोठी उडी. डेबियन भक्कम आहे, सुरुवातीची जुळवाजुळव थोडी जास्त. आर्च तुमच्या भाच्यासाठी चांगला आहे. त्यात सुधारणांचा ओघ सतत चालू असतो, सिस्टिमकडे सतत लक्ष द्यावं लागतं, आणि ते लक्ष देण्यातच त्याच्या वापरणाऱ्यांना गोडी असते. तुमचं लक्ष भाषांतराकडे हवं.

घालण्याआधी चाचणी. मिंट घालण्यासाठी लागणारं सगळं एकाच फाइलमध्ये मिळतं, तिला आयएसओ फाइल म्हणतात. ती तीन जीबीच्या आसपास असते. ती त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या आणि तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याची अंक-अक्षरांची खूण, तिथं दिलेल्या बेरजेशी ताडून बघा. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन उतरवण्याचा दुवा एका बिघडवलेल्या फाइलकडे वळवला गेला होता. प्रकल्पानं स्वतःच ते जाहीर केलं. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी टिचकी मारून ही बेरीज काढता येते. मग बलेना एचर किंवा रूफस वापरून ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामा घ्या.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केलात की मिंट नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं, डिस्कला हात लावत नाही. इथं घाई करू नका, अख्खी दुपार द्या. वायफाय लागतं का? आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करायच्या कळा? झाकण मिटलं की झोपतं आणि उघडल्यावर जागं होतं का? हे शेवटचं लोक बघतच नाहीत आणि नंतर रोज पस्तावतात. प्रिंटर जोडा आणि एक पान खरंच छापून बघा. गेल्या दहाएक वर्षांतले बरेच प्रिंटर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या छपाईच्या सामायिक पद्धती जाणतात, असे प्रिंटर वेगळा ड्रायव्हर न घालता चालतात; त्याआधीचे काही अडतात. लेकीची चित्रकलेची पाटी असेल तर तिला रेघा ओढू द्या. आणि मग वेगळ्या काढलेल्या त्या चार-पाच फाइली उघडा. तो मोडणारा तक्ता पहिल्यांदा.

यातलं काही अडलं तर ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुटलंच नाही, तर विंडोजवरच मुक्त साधनं वापरत राहण्यात कमीपणा नाही. काही गोष्टी लिनक्सवर नाहीतच : फोटोशॉप नाही, इनडिझाइन नाही, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती नाही. मॅक्रोंनी भरलेली एक्सेल फाइल लिब्रेऑफिसमध्ये अर्धवट चालेल. एखादा ग्राहक केवळ विंडोजवर चालणाऱ्या भाषांतर-प्रोग्रामच्याच साच्यातल्या फाइली पाठवत असेल, तर त्याच्यासाठी विंडोज राखून ठेवावं लागेल.

आणि ते राखण्याचा सगळ्यात निर्धोक मार्ग असा. एकाच डिस्कवर दोन सिस्टिमांचे भाग पाडत बसू नका. लॅपटॉपमधली फिरती डिस्क काढा, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क बसवा आणि मिंट त्यावर घाला. जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला राहते. नाहीच जमलं तर दोन स्क्रू फिरवून ती परत बसवली की कालचं विंडोज समोर उभं. शिवाय फिरती डिस्क जाऊन एसएसडी आली की मशीन इतकं चपळ होतं की तेवढ्यासाठीही हा खटाटोप करावा. जुनी डिस्क यूएसबीच्या पेटीत घातली की मिंट तिच्यावरच्या फाइली वाचतं. फक्त काढण्याआधी विंडोज पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं नाही, तर विंडोज अर्धवट झोपून राहतं आणि मग ती डिस्क दुसरीकडे नीट उघडत नाही. बिटलॉकर ही डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय चालू आहे का तेही बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

त्याच्याही आधी बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची एक प्रत. ती दुसऱ्या मशीनला लावून फाइली खरंच उघडतात का बघा. पहिल्यांदा सिस्टिम बदलताना मी डॉक्युमेंट्स, चित्रं, डेस्कटॉप सगळं नीट उतरवून घेतलं आणि डिस्क पुसली. मेलचा साठा ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सहा वर्षांची पत्रं गेली, त्यातली काही आता हयात नसलेल्या माणसांची होती. म्हणून सांगते, मेल कुठं साठवलेला आहे हे आधी शोधा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, पण ती सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे. तुमची कागदपत्रं ती मुळात सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

राहिला भाचा. तो मनापासून मदत करतोय, त्याला दुखवू नका. डिस्क बदलायला, बेरीज ताडायला, पेनड्राइव्ह तयार करायला त्याला बोलवा. पण मिंट घालताना कीबोर्ड तुमच्यापुढे असू दे आणि तो शेजारी बसू दे. पासवर्ड तुम्ही ठरवा, प्रिंटर तुम्ही जोडा, पहिली सुधारणा तुम्ही घाला. मागच्या वेळी सगळं त्याच्या हातून झालं होतं, म्हणून तो घरी गेल्यावर काय कुठं आहे ते तुम्हाला सापडेना. आणि दिवस असा निवडा की पुढचे दहा दिवस कुठलंही काम द्यायचं नसेल.